भोपळ्यातल्या म्हातारीची लेक

रविवार, रात्र

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ची गोष्ट नव्यानं लिहायची, हे आज मनाशी पक्कं झालं. बरेच दिवस नुसतंच डोक्यात घोळत होतं. आता वहीत उतरवते, म्हणजे पुढे लिहिताना धागा सुटणार नाही.

मूळ गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा आडवा येतो, वाघ येतो, आणि ती प्रत्येकाला एकच सांगते: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. येताना ती भोपळ्यात बसून येते. पण लेकीच्या घरी काय घडलं? ते गोष्टीत एका दमात उरकलेलं असतं. म्हातारी राहिली, खाल्लंप्यालं, गुटगुटीत झाली. मला लिहायचंय ते एवढ्याबद्दलच. माझी सगळी गोष्ट लेकीच्या चुलीपुढे आणि ओसरीवर घडेल. रानातली वाट फक्त जाण्यायेण्यापुरती.

कारण म्हातारी तिकडे शब्द देऊन आलीय. जाडजूड झाली की तिला खाणार आहेत. म्हणजे लेक मायेनं वाढतेय तो प्रत्येक घास तिला त्या वाटेकडे ढकलतो. लेक पोळीवर तूप सोडते आणि आई ताटावर हात आडवा धरते. लेकीला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं, आई जुनी रीत पाळतेय. पूर्वी लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईवडील तिच्या घरी जेवत नसत, काही जण तर पाणीही घेत नसत. माझ्या गोष्टीतल्या लेकीला मूल नाही. त्यामुळे आईचा तो आडवा हात तिला फार लागतो, त्यात जावयासमोर तर जास्तच. आई खरं बोलू शकत नाही, कारण बोलली तर लेक तिला उंबरा ओलांडू देणार नाही. दोघी एकाच ताटाशी बसल्या आहेत आणि दोघींची भीती निराळी आहे. हे सुचलं तेव्हा वाटलं, गोष्ट मिळाली.

या गोष्टीची भावंडं दूरवर पसरली आहेत, ती वाचताना फार आनंद झाला. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या ‘टुनटुनीर बोई’त कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि लाऊच्या, म्हणजे दुधीच्या, खोळीत बसून गडगडत परत येते. इराणातही म्हातारी आहे, लांडगा, बिबट्या, सिंह आहेत आणि घरंगळणारा भोपळा आहे. फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांनी पंजाबात ऐकलेल्या गोष्टीत म्हातारीऐवजी कोकरू आहे. ते आजीकडे जाऊन लठ्ठ होतं आणि ढोलकीत बसून परत निघतं. ती ढोलकी त्याच्या मेलेल्या भावाच्या कातड्याची! आणि कोकरू वाचत नाही. शेवटी कोल्हा आवाज ओळखतो आणि त्याला खातो. हे वाचून मी बराच वेळ थांबले. आपली म्हातारीही आतून बोलतेच की. ‘कशाची म्हातारी न् कशाची कोतारी’ हे ती स्वतःच्याच तोंडानं म्हणते. मग तिचा आवाज कसा ओळखू आला नाही?

याचं उत्तर मला भोपळ्यातच सापडलं. चित्रांच्या पुस्तकांत नेहमी नारिंगी डांगर काढलेलं असतं. ते मूळचं अमेरिकेतलं, आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर आलेलं. आपल्या मातीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे तो दुधीच्या जातीचा भोपळा. वाळला की आतून पोकळ, वजनाला हलका, पाण्यावर तरंगणारा. विहिरीत पोहायला शिकणारी पोरं पाठीला त्याचीच सांगड बांधत. याच जातीचा मोठा कडू भोपळा तंबोऱ्याला आणि सतारीला लागतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात तो पिकतो आणि मिरजेला वाद्यं करणाऱ्यांकडे जातो. मिरजेचे ते कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात तारांच्या वाद्यांकडे वळले.

तेव्हा लेक भीमेकाठच्या, तंबोऱ्याचे भोपळे पिकवणाऱ्या घरात दिलेली आहे. भोपळा उन्हात कसा वाळवायचा, आतला गर आणि बिया कशा खरवडायच्या, कुठला फुटेल आणि कुठला टिकेल, हे सगळं तिच्या बोटांना माहीत आहे. आणि त्याच्या पोकळीत आवाज कसा भरतो, हेही. कोकराची ढोलकी त्याला वाचवू शकली नाही. भोपळ्यातून येणारा आवाज मात्र थकलेल्या बाईचा राहतच नाही, तो घुमून मोठा होतो. समोरचं जनावर दचकून बाजूला होतं. ही युक्ती लेकीची. माझ्या गोष्टीत आईला वाचवते ती लेकीची विद्या, हे मला अगदी ठळक लिहायचंय. मूळ गोष्टीतही बऱ्याचदा भोपळा लेकच देते, पण त्याबद्दल तिला कुणी शाबासकी देत नाही.

वाघ मी काढून टाकला. भीमेच्या त्या उघड्या मुलखात त्याला दडायला जागाच नाही. सोलापूरच्या माळावर लांडगा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तो आजही दिसतो. सोबत तरस आणि कोल्हा. उन्हाळ्यातला लांडगा म्हातारीइतकाच हडकुळा असेल आणि तिनं दिलेला शब्द तोही मनापासून धरून बसला असेल. त्याला दुष्ट करायचं नाही.

आई खरं कधी सांगते? आधी वाटलं होतं, निघायच्या आदल्या रात्री. पण ते फार सोयीचं आहे. आता वाटतं, ती सांगतच नाही. लेक तिला न्हाऊ घालते, पाठीला तेल लावते, फासळ्यांवर मांस आलेलं हाताला कळतं, आणि ती म्हणते, ‘आये, बरी भरलीस गं.’ त्यावर आई रडू लागते. लेक तिथून काढून घेते सगळं.

आणि गोष्ट लेकीची, म्हणून मी म्हातारीबरोबर भोपळ्यात बसणार नाही. भोपळा उतारावरून दिसेनासा झाला की लेकीला पुढचं काहीच कळणार नाही. सुखरूप पोचल्याचा निरोप आणणार कोण? वारकरी! आईच्या गावावरून येणारी दिंडी आषाढीला पंढरपुरात पोचते, आणि त्यातली एखादी बाई लेकीचं दार शोधत येऊन सांगते, ‘तुझ्या आयेनं सांगितलंय, तूपरोटी अंगी लागली.’ म्हणजे म्हातारीला ऐन उन्हाळ्यात धाडायला हवी, आणि लेकीला आषाढीपर्यंत तिष्ठत ठेवायला हवी. त्या मधल्या दिवसांत ती काय करते, जावयाशी काय बोलते, राहिलेल्या भोपळ्यांना हात लावते की नाही, हे अजून लिहायचंय.