हात तेलाचे, स्क्रीन भिंतीवर

आमच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही. एका भिंतीला छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन) आणि बेंच ड्रिल, समोर दादाचं सुतारकामाचं टेबल, आणि मधे बहुतेक वेळा उघडून ठेवलेली एखादी मोटरसायकल. या पसाऱ्यात आता तीन स्क्रीन आहेत. भिंतीवरच्या आर्मवर एक जुना टॅब्लेट, कपाटात एक लॅपटॉप, आणि दादाच्या सीएनसी राउटरला (कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणाऱ्या मशीनला) जोडलेला एक बिनपंख्याचा छोटा कॉम्प्युटर.

वर्कशॉपसाठी कुठला टॅब घ्यावा असं कुणी विचारलं की मी सांगते, घरात जो पडून आहे तोच आधी लावून बघ. इथे त्याला करायचं काय असतं? मॅन्युअलची पीडीएफ उघडायची, फोटो काढायचा, दोन ओळी लिहून ठेवायच्या. त्याला पाच-सात वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरून उरतो. फक्त बॅटरी नीट तपासा. कायम चार्जरला लावलेला, शंभर टक्क्यांवर बसलेला आणि वरून गॅरेजच्या उन्हाळ्यात तापलेला टॅब्लेट हे लिथियम बॅटरी लवकर म्हातारी करायचं साधन आहे. आत वायू धरतो, बॅटरी फुगते आणि स्क्रीन कडेनं उचलली जाते. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर प्लगला टायमर लावा. आणि पाठ फुगलेली दिसली तर तो टॅब्लेट संपला असं समजा. दाबून बसवायचा नाही, टोचायचा नाही, सरळ ई-कचऱ्यात द्यायचा.

आता धूळ. गॅरेजमध्ये धूळ एका जातीची नसते, आणि प्रत्येक जातीचं नुकसान वेगळं. लाकडाचा बारीक भुसा पंख्यातून आत ओढला जातो आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटींत गादीसारखा बसतो. मग लॅपटॉप तापतो, मंदावतो, शेवटी बंद पडतो. लोखंडाचा कीस त्याहून वाईट, कारण त्यातून वीज वाहते. सर्किटवर दोन पिनांच्या मधे एक कण पडला तरी शॉर्ट होऊ शकतो. शिवाय टॅब्लेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, चुंबकी कव्हर असेल तर कडेलाही असतात. तिथे कीस येऊन चिकटतो आणि फडक्यानं पुसायला गेलं की काच ओरखडते. आधी चिकटपट्टीनं उचलून घ्यायचा, मग पुसायचं. ग्राइंडरच्या ठिणग्या तर गरम असतानाच काचेत रुततात, त्या नंतर कशानंही निघत नाहीत.

म्हणून आमच्याकडे ग्राइंडरच्या बटणाला हात लागायच्या आधी हाक जाते, "दादा, टॅब झाक." जाड कापडाचं कव्हर आर्मलाच टांगलेलं आहे. वेल्डिंग असेल तर टॅब्लेट आर्मवरून काढून घरात जातो.

लॅपटॉप कपाटात आहे खरा, पण पंख्याचं मशीन पूर्ण बंद कपाटात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेत शिजतं. खाली एक भोक आणि त्यावर धुता येणारा फोमचा फिल्टर, वर मागच्या बाजूला गरम हवा जायला दुसरं भोक, एवढं केलं की पुरतं. आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आहे. फिरती डिस्क आणि लेथची थरथर एका टेबलावर मला नको होती. आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं लॅपटॉप साफ करू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि पंखा हवेच्या झोतात वाटेल तेवढा भरकन फिरून त्याचं बेअरिंग जातं. पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं साफ करावा, वेळ लागला तरी.

धूळरोधक, दणकट टॅब्लेट बाजारात मिळतात. त्यांच्यावर आयपी६५ असं लिहिलेलं असतं, त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा झोत सोसतो. रोज शेतात किंवा साइटवर फिरणाऱ्याला ते हवेतच. मी मात्र जुना टॅब्लेट झिपच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालते. टच पिशवीतून व्यवस्थित चालतो. चामड्याच्या हातमोज्यातून चालत नाही, आणि कूलंटचे, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, थेंब पडले की स्क्रीनला भलतीकडेच बोट लागल्याचा भास होतो. हात अगदीच काळे असतील तर बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूनं टच करायचं.

आर्म कुठे लावायचा यावर दादाचं आणि माझं बराच वेळ चाललं. त्याला स्क्रीन लेथच्या बरोबर मागे हवी होती, समोर दिसेल अशी.

"दिसेल, पण पान उलटायला हात चकवरून, त्या फिरत्या पकडीवरून, न्यावा लागेल," मी म्हटलं.

"मशीन बंद करूनच उलटणार ना गं."

"दादा, घाईत नाही होत तसं. तुलाही माहीत आहे."

शेवटी आर्म डाव्या हाताला, चक फिरवणाऱ्या डब्याच्या, हेडस्टॉकच्या, पलीकडे लागला. तिथे पोचायला लेथसमोरून एक पाऊल बाजूला व्हावंच लागतं, आणि ते पाऊल मला हवंच होतं. चक फिरत असताना नजर कामावरच हवी. मॉनिटर लावणार असाल तर पाठीमागे १०० मिमी अंतरावर चार भोकं आहेत का ते आधी बघा. बहुतेक आर्म त्या मापाचे आणि एम४ स्क्रूचे येतात.

एक गोष्ट मात्र मी स्क्रीनवर आणलेली नाही, ती म्हणजे ड्रिलच्या मापांचे तक्ते. एम६, म्हणजे ६ मिमी स्क्रूच्या, आट्यांना ५ मिमी ड्रिल, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५. हे आकडे माझ्या हयातीत बदलणार नाहीत. ते कागदावर मोठ्या अक्षरात ड्रिलच्या वर चिकटवले आहेत. मान वर केली की दिसतात. स्क्रीन कशासाठी हवी, तर बदलणाऱ्या गोष्टींसाठी, आणि माझ्या लेखी त्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वतःची नोंद.

एक उदाहरण देते. काही इंजिनांत व्हॉल्व्हचा क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावरची टोपी (बकेट) यांच्यामधली बारीक फट, बकेटखालच्या शिमनं ठरतो. शिम म्हणजे नेमक्या जाडीची छोटी चकती. ती किती जाड आहे हे बघायला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा दांडा, उचलावा लागतो. पण मागच्या वेळी कुठल्या व्हॉल्व्हला कितीची शिम घातली हे लिहून ठेवलं असेल, तर फीलर गेजनं (फटीत सरकवायच्या मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून हिशेब आधीच होतो. जुनी शिम अधिक मोजलेला क्लिअरन्स वजा हवा असलेला क्लिअरन्स. शिम २.५० मिमी आहे, मोजला ०.१० आणि हवा ०.१५, तर नवी शिम २.४५. म्हणजे कॅमशाफ्ट उचलायच्या आधी नेमकी शिम मागवता येते आणि गाडी भागाची वाट बघत उघडी पडून राहत नाही. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळणार नाही, कारण ते त्या एका इंजिनाचं आहे.

म्हणून प्रत्येक गाडीचा एक फोल्डर. फोटोच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. केबल सोडायच्या आधी तिचा पूर्ण मार्ग दिसेल असा फोटो. मोजमाप लागणार असेल तर भागाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून, थोडं लांबून झूम करून, समोरून सरळ. अगदी जवळून काढलेल्या फोटोत भागाचा आकार फसवा दिसतो. हात तेलात असतील तर मी आकडे बोलून रेकॉर्ड करते आणि संध्याकाळी लिहून काढते. मॅन्युअल सगळी टॅब्लेटमध्येच उतरवलेली आहेत, कारण लोखंडी शटर खाली ओढलं की वायफायची रेंज जाते.

दादाच्या राउटरच्या कॉम्प्युटरला वेगळे नियम आहेत. त्याच्या मशीनवर जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आहे. ते आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरच्या एका चिपवर चालतं आणि मोटरला पल्स तीच देते. कॉम्प्युटर फक्त जी-कोडच्या, म्हणजे कटर कुठे न्यायचा ते सांगणाऱ्या, ओळी पाठवतो. तरी काम अर्ध्यावर थांबायचं, आणि दोष बहुधा यूएसबीच्या तारेत सापडायचा. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, चालवणाऱ्या ड्राइव्हचा विद्युत गोंगाट आणि भुसा ओढणाऱ्या पाइपातली स्थिर वीज, दोन्ही त्या तारेवर येतात. आता तार आखूड आणि शील्डची आहे, स्पिंडलच्या वायरपासून लांबून नेली आहे, आणि पाइपाला अर्थिंग आहे. लांब अंतर असेल तर इथरनेटवर चालणारा कंट्रोलर बरा. यूएसबी २.० ची तार ५ मीटरपर्यंतच धरायची, इथरनेट १०० मीटर जातं आणि त्याच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असल्यानं वीज वेगळी राहते. त्या कॉम्प्युटरवर इंटरनेट नाही, अपडेट नाहीत, दुसरं काहीच नाही. कटर लाकडात असताना तो स्वतःहून रीस्टार्ट झालेला कुणाला परवडणार? आणि बंद करायचं लाल बटण स्क्रीनवरचं नाही, खरंखुरं, स्पिंडलची वीज तोडणारं, हात पोचेल तिथे.

कारसाठी ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर आहे, तो गाडीच्या सॉकेटला लावला की तिनं नोंदवलेले बिघाडाचे कोड टॅब्लेटवर वाचता येतात. पी०३०१ आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. कुठे ते कळतं, का ते आपणच शोधायचं: प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन.

दादा मात्र टॅब्लेटपेक्षा प्रिंटर जास्त वापरतो. खुर्चीच्या पायाचा आकार कॉम्प्युटरवर काढायचा, ए४ कागदांवर तुकड्यांत छापायचा, जोडून लाकडावर चिकटवायचा आणि पट्टीच्या करवतीवर कापायचा. छापताना स्केल १०० टक्केच हवं. पानात बसवायचा पर्याय आपोआप निवडलेला असतो आणि आकार गुपचूप लहान होतो. म्हणून तो प्रत्येक पानावर १०० मिमीची एक उभी आणि एक आडवी रेघ काढतो आणि कात्री हातात घ्यायच्या आधी दोन्ही कॅलिपरनं मोजतो. दोन्ही मोजायच्या, कारण काही प्रिंटर फक्त कागद ओढण्याच्या दिशेतलं माप चुकवतात.