कोल्हापुरात क्लाइंबर्सचं घर : माझा अनुभव

पगार सोळा हजार. खोलीचं भाडं पाच, डब्याचे तीन, घरी थोडे पाठवायचे आणि उरलेल्यात क्लाइंबिंग, म्हणजे दगडी कडे चढणं, बसवायचं. पेट्रोल, रोपची, म्हणजे चढायच्या दोराची, वर्गणी, शूजचा सोल बदलणं, हे सगळं त्यातच. हिशेब कसाही मांडला तरी जुळत नव्हता. जादा काम घेतलं तर पैसे यायचे, पण रविवार जायचा. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचीच ही गत. एक शिरोलीला फौंड्रीत, एक विद्यापीठात एम.एस्सी. करणारा, एक फिजिओथेरपीवाली, एक पार्सल पोहोचवणारा, एक कुस्ती सोडून दगडाकडे वळलेला आणि मी एका दुकानाचे हिशेब लिहिणारी. आम्ही ठरवलं की सहा जणांनी मिळून एकच घर घ्यायचं, खर्च खाली आणायचा आणि जो वेळ वाचेल तो दगडाला द्यायचा.

परदेशी क्लाइंबर्सच्या गोष्टी आम्हाला सगळ्यांना पाठ होत्या. अमेरिकेत योसेमिटीच्या कॅम्प 4 मध्ये 1950-60 च्या दशकांत पोरं तंबू ठोकून राहायची, मिळेल ते खायची आणि एल कॅपिटान या प्रचंड कड्यावर चढायची. त्यांच्यातलाच इव्हॉन शुईनार्ड स्वतः लोखंड तापवून पिटॉन, म्हणजे दगडाच्या भेगेत ठोकायचे खिळे, घडवायचा आणि गाडीच्या डिकीतून दीड डॉलरला एक असे विकायचा. पुढे पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी त्यानंच काढली. 2003 मध्ये कॅम्प 4 ची नोंद तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचं जगणं उचलून इथं आणता येत नाही. झोपता येईल अशी गाडी आमच्यात कुणाकडेच नाही, दोन मोटारसायकली आहेत. जून ते सप्टेंबर इकडे जो पाऊस लागतो त्यात तंबूत राहून नोकरीला जाणं जमणार नाही. आणि 'मुलगी कुठं राहते?' या प्रश्नाला आईला गावात काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

एकत्र आणि साधं राहण्याचा धडा कोल्हापुरातच मिळण्यासारखा आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत खेड्यापाड्यांतून आलेली पोरं राहतात, तिथंच रांधतात, पहाटे उठून आखाडा खणतात. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि त्यानंतर एकेका समाजासाठी इथं वसतिगृहं उभी राहिली. माझे वडील स्वतः बोर्डिंगात राहून शिकलेले. त्यांना मी कॅम्प 4 बद्दल काही बोललेच नाही. "बोर्डिंगच समजा, फक्त शिकायचा विषय दगड आहे," एवढंच मी म्हणाले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "स्वयंपाक कोण करणार?" तेव्हाच मला कळलं की होकार आलाय.

घर शोधताना पहिली अट होती पुराची. 2019 आणि 2021 चे पूर आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतात. नदीकडची स्वस्त घरं सोडून आम्ही कळंबा रस्त्याकडच्या उंच भागात फिरलो. खरी अडचण वेगळीच निघाली. चार मुलगे, दोन मुली, कुणाचंच कुणाशी नातं नाही. दारातूनच नकार यायचा, आणि कुणाला दोष तरी काय द्यायचा?

शेवटी एक जुनं दुमजली घर मिळालं. मालक सत्तरीचे, तरुणपणी काही वर्षं तालमीत काढलेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी आमची ओळख करून घेतली, आमच्या पैलवानाचा कुस्तीत चुरगळलेला कान बघितला आणि म्हणाले, "जिना भाईरनं हाय. पोरी वर, पोरं खाली. रात्री धाच्या पुढं वरखाली बंद. आन् दंगा केलासा तर दुसऱ्या दिशी घर मोकळं. चालंल?" चालण्यासारखंच होतं. भाडं बारा हजार, डिपॉझिट पन्नास.

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळे इथंच अडतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं अजून पुष्कळ जण सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. तसा करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे मालकाला सिद्ध करावं लागतं. हे ऐकल्यावर मामा स्वतःच उठून घराची कागदपत्रं काढायला गेले. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, ते आमच्या हिशेबानं साडेतीनशेच्या आत बसलं. नोंदणी फी शहरात 1000 रुपये. एजंटची फी वेगळी.

करारात एकाचंच नाव घालून बाकीचे 'येऊन-जाऊन' राहायचा सोपा मार्ग आम्हाला सुचवला गेला होता. मी त्याला ठाम नाही म्हटलं. कर्नाटकात हंपीला तुंगभद्रेपलीकडच्या विरुपापूर गड्डीवर क्लाइंबर्स वर्षानुवर्षं स्वस्तात राहायचे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथली बेकायदा ठरलेली गेस्ट हाऊस पाडली गेली आणि ती सगळी वस्तीच उठली. जागा कच्च्या कागदावर असली की तिथं उभं राहिलेलं जगणंही कच्चंच राहतं. म्हणून सहाही जणांची नावं, सहाही आधार कार्डं, सहाही अंगठे.

अंगठ्यांनी मात्र दमवलं. आम्ही नुकतेच कर्नाटकातल्या बदामीहून चढाई करून आलो होतो. मिरजेहून हुबळी, पुढे गदगवरून बदामी असा तो रेल्वेचा प्रवास. तिथला वालुकाश्म पॉलिश पेपरसारखा बोटं घासतो. माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत आणि गुलाबी झाली होती. एजंटच्या यंत्रावर अंगठा ठेवला की लाल रेघ यायची. पुसला, फुंकर मारली, दुसरं बोट लावलं, तरी तेच. फौंड्रीवाल्याचे हात तर आधीच भाजून-घासून कडक झालेले. आम्हा दोघांना परत पाठवलं. मग दगडाला हात लावायचा नाही आणि रोज रात्री बोटांना खोबरेल तेल, असं पथ्य पाळलं तेव्हा कुठं यंत्रानं आम्हाला ओळखलं. करार करायचा असेल तर मोठ्या ट्रिपच्या आधी करा, हे मी आता प्रत्येक क्लाइंबरला सांगते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देणंही त्याच आठवड्यात उरकून घेतलं.

घरात आल्यावर पहिल्यांदा वही घातली. माणशी दोन हजार भाडं, अडीच हजार जेवण, पाचशे रोपचा फंड. ज्वारी आम्ही पोत्यानं घेतो, एकाच्या गावाकडून. कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात आमच्या पैलवानाची आई करून देते, मिरचीचे आणि मसाल्याचे पैसे वहीतून जातात. ज्यानं रांधलं त्यानं भांडी घासायची नाहीत. मटणाची वर्गणी वेगळी, कारण दोघं शाकाहारी आहेत. फ्रिज नाही, टीव्ही नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. पण दूध, अंडी, शेंगदाणे, डाळी यांत कपात करायला मी कधीच तयार नव्हते. साधेपणाच्या नावाखाली उपाशी राहून दगडावर जाणारी पोरं मी पाहिलीत. तासाभरात त्यांचे हात थरथरायला लागतात. आम्ही काटकसर वस्तूंत करतो, खाण्यात आणि सुरक्षेच्या सामानात नाही.

सरावाच्या भिंतीला मात्र मामांनी सुरुवातीला साफ नकार दिला. त्यांच्या भिंतीला एकही भोक पडणार नव्हतं. मग आम्ही उद्यमनगर गाठलं. चौकोनी पाइपची, स्वतःच्या पायावर उभी राहणारी फ्रेम एका फॅब्रिकेटरनं जोडून दिली, तीस अंश पुढं झुकलेली. त्यावर 18 एमएमचा प्लायवूड, मागून टी-नट (बोल्ट पकडणाऱ्या चाक्या), पुढून 10 एमएमचे बोल्ट. होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायचे तुकडे, विकत घ्यायला गेलं तर महिन्याचं भाडं जातं, म्हणून लाकडाच्या वखारीतून सागवानाचे तुकडे आणले आणि रात्री बसून पॉलिश पेपरनं त्यांच्या कडा मारल्या. खाली जुन्या कापसाच्या गाद्या. मामा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसतात आणि "पाय वापर, पाय!" असं ओरडतात. त्यांचं बरोबर असतं.

आमच्यात सामाईक काय आणि ज्याचं त्याचं काय, हे रोपमुळं स्पष्ट झालं. शूज, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हात कोरडे ठेवणाऱ्या चॉकची पिशवी ज्याची त्याची. रोप, क्विकड्रॉ (रोप अडकवायच्या जोड-कड्या) आणि बिलेचं, म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून धरायचं, सामान घराचं. रोपची वेगळी वही आहे: कुठं नेला, कोण पडलं, किती वर होतं. ट्रिपहून आलं की रविवारी रात्री रोप टबात कोमट पाण्यात बुडवतो, दोनदा पाणी बदलतो आणि जिन्याखाली सावलीत पसरतो, कारण उन्हानं नायलॉन खराब होतं. वाळला की दोघं बसतात. एक जण रोप सोडत जातो, दुसरा तो अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीतून ओढत जातो, अगदी सावकाश, साठच्या साठ मीटर. वरचं आवरण शाबूत दिसतं, पण कुठंतरी आतला गाभा बसलेला असला तर तिथं बोट एकदम मऊ जाणाऱ्या जागेवर येतं आणि रोप तिथं नको तितका दुमडतो. एका टोकापासून थोड्या अंतरावर आम्हाला अशी जागा सापडली. कुणी 'अजून चालेल' म्हटलं नाही. तेवढा भाग कापून टाकला, उरलेल्या रोपची लांबी वहीत आणि टोकावरच्या चिकटपट्टीवर लिहिली. शेजारच्या खोलीत राहणारा माणूस सकाळी दूध उतू जाऊ देतो की नाही हे मला माहीत असतं, आणि तोच खाली माझा बिले धरून उभा असतो. एकत्र राहण्यातली ही गोष्ट मला पैशांच्या बचतीपेक्षा मोठी वाटते.

पन्हाळा इथून वीसेक किलोमीटर. पण तो संरक्षित आहे, 2025 मध्ये जागतिक वारसा यादीतही गेला. तिथल्या तटाला-कड्याला आम्ही हात लावत नाही. गगनबावड्याच्या बाजूला एका गावाजवळच्या छोट्या कड्यावर, गावाला विचारून जातो. बेसॉल्ट आहे, सुटा दगड फार, त्यामुळं हेल्मेटशिवाय खालीही थांबायचं नाही. आग्यामोहोळ दिसलं की त्या मोसमापुरता तो रूट, म्हणजे चढायची ती वाट, बंद.

पावसाळ्यात घराची खरी कसोटी लागते. बाहेर जाता येत नाही, कपडे वाळत नाहीत, सगळे एकमेकांच्या अंगावर. गेल्या जुलैत विद्यापीठवाल्याला पुण्यात नोकरी लागली. त्याबद्दलची अट आधीच लिहिलेली होती: दोन महिने आधी सांगायचं, डिपॉझिटचा वाटा नवा माणूस देणार, रोपचा फंड परत मिळणार नाही. त्यामुळं निरोपाच्या जेवणात पैशांचा विषयच निघाला नाही. त्या रात्री तांबडा-पांढरा केला आणि शाकाहाऱ्यांसाठी अख्खा मसूर.

परवा करार नव्यानं नोंदवला. मामांनी भाडं पाचशेनं वाढवलं. यादीत आता पाच जुनी नावं आहेत आणि एक नवीन, गडहिंग्लजची मुलगी. आधी महिनाभर पाहुणी म्हणून राहून, मगच तिनं सही केली. या वेळी सगळ्यांचे अंगठे पहिल्या झटक्यात लागले, कारण ऑक्टोबरचा मोसम अजून सुरू व्हायचा आहे. फंडात जमलेत त्यातून दिवाळीआधी नवा साठ मीटर रोप येईल. जुना फक्त टॉप रोपसाठी, म्हणजे दोर आधीच वर अडकवून चढण्यासाठी, ठेवायचा ठरलंय.