टीसी

भाची पहिल्यांदाच एकटी रेल्वेने निघाली होती. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला: 'मामा, पोचतेय. टीसी.' माझ्या पोटात गोळा. तडक फोन लावला, "तिकीट होतं ना गं तुझ्याकडे? किती दंड म्हणतोय?" पलीकडे आधी शांतता, मग डब्यातच जमलेल्या चार मैत्रिणींसकट खिदळणं. टीसी म्हणजे म्हणे टेक केअर. काळजी घे म्हणायचा कंटाळा तिला, आणि काळजी लागली मला.

माझ्या माहितीत टीसी दोनच. एक दादरच्या पुलावर काळ्या कोटात उभा असतो, आणि दुसरा कॉलेज बदलताना ऑफिसात चार खेपा घातल्याशिवाय हाती लागत नाही. दोघांपैकी कोणीही कोणाची काळजी घेतल्याचं ऐकिवात नाही.

डीपीचंही तेच. गावाकडच्या माझ्या चुलतभावाला पुण्याच्या कुणीतरी कौतुकाने विचारलं, "काय दादा, डीपी बदलली वाटतं?" भाऊ उसळलाच. "कुठली बदलतेय! आठ दिवस झाले जळून. वायरमन फोन उचलत नाही, ऊस वाळायला लागला." डीपी म्हणजे बांधावरचा ट्रान्सफॉर्मर सोडून आणखी काही असू शकतं, हे त्या उन्हाळ्यात त्याला पटणं शक्यच नव्हतं.

'जीएम', 'एचबीडी', 'के' यांच्याबद्दल बोलून मी माझं रक्त आटवत नाही. 'ओके'तला 'ओ' वाचवून माणूस नेमकं काय करतो, एवढंच एकदा कळलं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे काय कमी होतं? खरंय. आजोबांची पोस्टकार्डं अजून आमच्या कपाटात आहेत. 'शि. सा. न. वि. वि.' अशी सुरुवात, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, सगळं एका दमात. पण ते कार्ड 15 पैशांचं आणि जागा तळहाताएवढी. नमस्कार आखडता घेतला की गाभण म्हैस, आंब्याचा मोहर, आत्याचं जमत आलेलं लग्न हे सगळं त्यात मावायचं. तरी जागा संपायचीच. मग कार्ड आडवं फिरवून समासात 'ता. क.', आणि खरी बातमी तिथे.

तारेत तर शब्दागणिक पैसे. शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना आकडे होते. आपण फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा आणि पलीकडे नवरानवरीच्या हातात अख्खं वाक्य पडायचं. उलगडा करायचं काम तारखात्याचं. 2013च्या जुलैमध्ये तार बंद झाली आणि ते काम बहुधा माझ्याकडे आलं. एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावायची, देवनागरीत लिहिलं तर अवघी 70. तेव्हा लोकांनी स्वर गाळले, ते समजू शकतो. आता? आता आख्खा ग्रंथ पाठवा, कोणी पैसा मागत नाही.

मराठी आंतरजालावरच्या मंडळींनी स्वतःचे काही संक्षेप घडवले, त्यांच्यावर मात्र माझा राग नाही. 'हहपुवा' म्हणून बघा मोठ्याने. हसून हसून पुरेवाट झाल्याचं त्या आवाजातच ऐकू येतं. 'हघ्या', हलकेच घ्या, हेही ठीक. निदान पुढच्याला लागेल याची चिंता आहे त्यात. 'प्रकाटाआ' तर मला बरेच दिवस एखादा बीजमंत्र वाटायचा. 'प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे' इतकं सरकारी निघेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले. ग्रुपवर बातमी आली आणि खाली ओळीने आरआयपी, आरआयपी, आरआयपी. मी मोजले, 27. मध्येच एक 'भा. पू. श्र.'. 28वा आरआयपी यायच्या आत सेक्रेटरींनी सूचना टाकली, 'लिफ्ट दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद राहील', आणि कुणाचा तरी अंगठा त्याच वेगात पुढे आला. लिफ्टलाही आरआयपी मिळालं. ते पुसलं गेलं, पण सगळ्यांनी वाचून झाल्यावर.

मला हसू आलं, आणि मग काका आठवले. लिफ्टचं दार काठीने अडवून उभे राहायचे. मी कुलूप लावून, चपला चढवून येईपर्यंत वरून कोण ओरडतंय, खालून कोण दार वाजवतंय, याची त्यांना फिकीर नसे. मी तेच लिहिलं, काठीसकट, आणि त्यांच्या मुलाला वेगळं पाठवलं. लिहायला वीसेक मिनिटं लागली.

रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं, 'टीवाय'.

भाचीला फोन करून विचारावं लागलं.