उशीच्या अभ्र्यातलं डल्सिमर

शनिवारी सकाळी साडेनऊला मी लायब्ररीचं दार उघडायला गेले, तर एक आजोबा उशीचा अभ्रा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. आत काय आहे ते मला लांबूनच कळलं. मी मिरजेची. शाळेची वाट सतारमेकर गल्लीतून जायची, त्यामुळे कापडात गुंडाळलेलं तंतुवाद्य माणसं कशी धरतात ते डोळ्यांत बसलंय. एक हात पोटाखाली, दुसरा खुंट्यांवर.

अमेरिकेत, पूर्व केंटकीतल्या डोंगरांत, कोळशाच्या खाणींच्या मुलखात आमचं हे छोटं गाव आहे. नवऱ्याची नोकरी इथल्या दवाखान्यात, माझी सार्वजनिक लायब्ररीत. त्या दिवशी डल्सिमर वाजवणाऱ्या एक बाई येणार होत्या. दिवसभर शिकवणी, संध्याकाळी मैफल. महिनाभर माझी तयारी चालली होती.

डल्सिमर म्हटलं की आपल्याला संतूर आठवतं. काड्यांनी वाजवायचं ते वेगळं. हे मांडीवर आडवं ठेवायचं, लांबुळकं, कमरेशी निमुळतं, अंगावर बहुतेक वेळा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची भोकं. तारा तीन किंवा चार. जर्मनीहून आलेल्या लोकांच्या एका वाद्यापासून इथल्या डोंगरांत ते घडत गेलं. शेजारच्या नॉट काउंटीतले एड थॉमस १८७१ पासून डल्सिमर बनवत होते. १९३३ साली वारले तोवर सुमारे दीड हजार केली, आणि हातगाडीवर घालून दारोदार विकली. पुढे पेरी काउंटीतल्या वायपर गावच्या जीन रिची (जन्म १९२२, चौदा भावंडांत धाकट्या) हे वाद्य न्यूयॉर्कपर्यंत घेऊन गेल्या.

शिकवणीला चौदा जण आले. वाद्यं बाराच, त्यातली सात पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याचं खोकं आणि वर लाकडी पट्टी, पण आवाज गोड. बाईंनी तारा जुळवल्या आणि मी खुर्च्या लावता लावता थबकले. खर्जाची तार षड्जाला, बाकीच्या पंचमाला. म्हणजे तंबोराच! सूर फक्त पहिल्या तारेवर फिरतो, बाकीच्या नुसत्या गुंजत राहतात. पडदे, म्हणजे तारेखालच्या सुरांच्या खुणा, त्यासुद्धा बाराच्या बारा स्वरांच्या नाहीत, सातांच्याच. तिसऱ्या पडद्यावर सा धरला की बिलावल थाट. मग बाईंनी पहिली तार कोमल निषादापर्यंत चढवली, सा पहिल्या पडद्यावर आला आणि तेच पडदे आसावरी बोलायला लागले. ती तार मध्यमाला उतरवली, की चौथ्या पडद्यापासून काफी. हार्मोनियमच्या क्लासमध्ये गुरुजी मूर्च्छना (स्वर तेच, पण सा हलवला की थाट बदलतो) समजावून थकले होते. ती मला इथे, सात समुद्रांपलीकडे, खुंटीच्या दोन पिळांत समजली.

आजोबा मात्र मागच्या रांगेत अभ्रा न सोडता बसून होते. जेवणाच्या सुट्टीत बाई स्वतः त्यांच्यापाशी गेल्या. आतून आजीचं डल्सिमर निघालं. जुलै २०२२ च्या पुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्या पुरानं या भागात ४० हून अधिक माणसं नेली. वाद्य माळ्यावर होतं म्हणून वाचलं. ते सांगत होते आणि मला २०१९ साली सांगलीला मावशीच्या घरी चिखलातून काढलेली, पानं फुगलेली पोथी दिसत होती.

हे एड थॉमसनी केलेलं असेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाईंनी बदामाच्या भोकातून टॉर्च मारला. आत चिठ्ठी नव्हती. "घरातल्याच कुणीतरी केलंय," त्या म्हणाल्या, "आणि मन लावून केलंय." मग त्यांनी मला जवळ बोलावलं. पडदे म्हणजे तारेचे वाकवून ठोकलेले आकडे, आणि तेही फक्त पहिल्या तारेखाली. बाकीच्या तारांखाली साधं गुळगुळीत लाकूड. त्या लाकडावर एका जागी खळगा पडला होता. आजीचं पीस तिथे घासायचं. टर्कीच्या पिसाचा कणा, तीच तिची नखी.

बाईंनी नव्या तारा चढवल्या आणि वाद्य आजोबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डावा हात मागे घेतला. खाणीत छत कोसळल्यापासून त्या हाताची बोटं मिटत नाहीत. त्यावर बाईंनी बोटाएवढी एक लाकडी कांडी त्यांच्या तळव्यात दिली. जुने लोक वाजवायचे ते असंच, पडद्यावर बोटं न ठेवता कांडी तारेवरून सरकवत. कांडी धरायला बोटं मिटावी लागत नाहीत, अंगठ्याचा दाब पुरतो. पहिली ओळ यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत कुणी सँडविचला हात लावला नाही.

संध्याकाळी साठेक माणसं होती. बाईंनी ठरलेली पहिली तीन गाणी बाजूला ठेवली आणि आजोबांना शेजारी बसवलं. माझ्याकडून तेव्हा एक चूक झाली. चर्चमधलं एखादं भजन वाजवा, असं मी सुचवलं. सभागृह एकदम गप्प झालं. आजोबा शांतपणे म्हणाले, "पोरी, ती आम्ही तोंडानंच म्हणतो." त्यांच्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट पंथात चर्चमध्ये वाद्य नसतं. पुढचा माणूस एक ओळ सांगतो आणि सगळे ती लांबवून, घोळवून म्हणतात. आपल्याकडे बुवांमागून अभंग धरतात तसंच, फक्त टाळ-मृदंग नाहीत. इतकी वर्षं या गावात राहून मला ते माहीत नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. आजी डल्सिमर वाजवायची ती स्वयंपाकघरात, नातवंडांना झोपवताना. त्यांनी तीच अंगाई वाजवली. एका ठिकाणी कांडी निसटली. ते थांबले, तोच सूर पुन्हा शोधला आणि पुढे गेले. मागच्या दोन तारा तेवढा वेळ गुंजतच होत्या.

मैफल त्यानंतर तासभर चालली, चांगलीच झाली.

बाईंनी दोन पुठ्ठ्याची डल्सिमर आमच्यासाठी ठेवली. सोमवारी मी त्यांच्या पाठीवर बारकोड चिकटवले, पुस्तकांना लावतो तेच, तीन आठवड्यांच्या मुदतीचे. दुपारी आजोबांची नात आली. एक तिच्या कार्डावर चढवलं. आजीचं वाद्य इतक्यात तिच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.