फुगा सरळ वर गेला

डिसेंबर 2022. मुंबईत पहाटे पाचच्या सुमारास हायड्रोजन भरलेला पांढरा फुगा मी नेहमीसारखा सोडला. एरवी हातातून सुटल्या सुटल्या तो वाऱ्याबरोबर तिरका पळतो, खाली बांधलेली रेडिओसाँडची, म्हणजे वरच्या हवेचं तापमान मोजून रेडिओवरून खाली कळवणाऱ्या यंत्राची, डबी हेलकावे खाते. त्या दिवशी तो सरळ वर गेला. दिव्यांच्या उजेडात धुरकं जागचं हलत नव्हतं.

आत येऊन पडद्यासमोर बसलो. फुगा मिनिटाला साधारण 300 मीटर चढतो आणि वर जाईल तसं तापमान उतरत जातं. इथं पहिल्याच मिनिटात ते तीन अंशांनी चढलं! रात्री जमीन निवली, तिला टेकलेली हवा गारठली, वरचा थर मात्र उबदारच राहिला. गार हवा जड, ती वर उठत नाही. वरचा उबदार थर म्हणजे झाकणच, अख्ख्या शहराचा धूर आणि धूळ त्या झाकणाखाली.

आठला चेंबूरहून बहिणीचा फोन. "दादा, चिऊ रात्रभर खोकतेय रे. दिवाळी होऊन महिना उलटला, फटाके नाहीत, मग एवढा धूर आला कुठून?"

नवा धूर आलाच नव्हता. गाड्या, कारखाने जुलैतही असतात; तेव्हा पाऊस कण खाली आणतो, नैर्ऋत्येचा वारा उरलेले उडवून नेतो. हिवाळ्यात मुंबईची सगळी भिस्त दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर, आणि त्या हंगामात तोच मंदावला होता. सलग तिसऱ्या हिवाळ्यात ला निना होतं, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं. हवेच्या प्रदूषणाचे अभ्यासक गुफ्रान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मुंबईच्या त्या बिघडलेल्या हवेचा संबंध त्याच्याशी जोडला.

मला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. दहा वाजले तरी ऊन पिवळट, अंगाला लागेना. हवेतले कण ऊन अडवतात, जमीन तापायला उशीर होतो, झाकण टिकून राहतं, खाली आणखी कण साठतात. घाणच स्वतःला सोयीचं हवामान घडवत जाते.

"चिऊला सकाळी मैदानावर पाठवू नकोस," मी बहिणीला सांगितलं. "दुपारी तीननंतर पाठव, तेव्हा हवा जरा मोकळी होते." सकाळची हवा शुद्ध, हा आपल्याकडचा समज फार पक्का आहे. हिवाळ्यातल्या मुंबईत तो मुलांच्या छातीवर बेततो.

वारा पडणार हे बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी दिसतं. खोदकाम आणि राडारोड्याचे ट्रक तेव्हाच थांबवायला हवेत, हवेचा निर्देशांक लाल झाल्यावर नव्हे.