तीर्थनचं पाणी दुपारनंतर चढतं

नवतपा लागायच्या आत नागपूर सोडायचं, हा आमचा दर वर्षीचा बेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की कूलरसमोर बसूनही डोकं भणभणतं. यंदा घरची मंडळी पुण्याला गेली आणि मी धरमपेठेतल्या एका मित्राला घेऊन दिल्लीची गाडी पकडली. पुढे रात्रीची मनालीची बस. पहाटे औटच्या बोगद्याजवळ उतरलो आणि जीपने लार्जी, बंजार करत हिमाचलातल्या कुलू जिल्ह्यातल्या गुशैणीला पोचलो. लार्जीपाशी तीर्थन, सैंज आणि बियास या नद्या एकत्र येतात. आम्हाला हवी होती ती तीर्थन, तिथला ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गळाने पकडायला. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून ती खाली येते. २०१४ पासून हा पार्क जागतिक वारसा यादीत आहे.

मित्राला मासेमारी ठाऊक होती ती तलावावरची. कणकेची गोळी गळाला लावायची, सावली धरून बसायचं आणि बूच कधी बुडतं ते बघत गप्पा हाणायच्या. फ्लाय फिशिंगमध्ये बसायला मिळतच नाही. पिसं आणि दोरे गुंडाळून केलेल्या नकली माशीला वजन जवळपास नसतं. वजन असतं ते जाड, रंगीत दोरीत. रॉडने ती दोरी मागे-पुढे झुलवत लांबवायची. तिच्या टोकाला बारीक पारदर्शक धागा असतो, तो माशीला अलगद पाण्यावर नेऊन ठेवतो. म्हणजे ठेवायला हवा. मित्राची माशी पहिल्या तासात विलोच्या झाडावरच जास्त वेळा बसली.

खरी गंमत पाण्याच्या वेळापत्रकात आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ही नदी वर साचलेल्या बर्फावर चालते. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतो, ते पाणी खाली यायला काही तास लागतात आणि दुपार उलटली की नदी चढू लागते. रात्री गारठा पडला की वितळणं मंदावतं आणि पहाटे पाणी सगळ्यात कमी आणि नितळ असतं. आमच्या गाईडने सकाळी काठावरचा एक कोरडा दगड दाखवून ठेवला होता. साडेतीनच्या सुमारास तो दगड पाण्याखाली गेला, हिरवट काचेसारखं पाणी दुधाळ झालं आणि तो म्हणाला, “पानी उठ गया साहब, अब चाय पीते हैं।” मला अजून तासभर टाकायचं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रॉडची घडी केली.

मग पहाटेच जावं ना? तर तेही नाही. सकाळी सातला पाण्यात थर्मामीटर धरला तर ९ अंश. इतक्या थंडीत ट्राउट तळाशी सुस्त पडून असतो, खाण्यासाठी फार हलत नाही. साधारण १० ते १६ अंशांत तो भुकेला असतो. २० च्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो हे त्यामागचं एक कारण. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आपल्या तलावातला मरळ वर येऊन हवेतला श्वास घेतो, ट्राउटला ती सोय नाही.

म्हणून हातात उरते ती मधली वेळ. दरी अरुंद, त्यामुळे ऊन पाण्यावर उतरायलाच नऊ वाजतात. तिथपासून पाणी चढेपर्यंतचे चार-पाच तास, तेवढाच आपला दिवस. आदल्या दिवशी आभाळ भरलेलं असेल आणि वर पाऊस नसेल तर ही वेळ लांबते, कारण बर्फ कमी वितळलेला असतो. बर्फावर पाऊस पडला तर मात्र पाणी गढूळ होतं आणि मग कॅरम खेळावा.

जागेचंही तसंच. नवखा माणूस नदीच्या मधोमध टाकतो, कारण तिथलं पाणी जोरकस दिसतं. मे महिन्यात त्या जोरात उभं राहणं माशालाच परवडत नाही. तो काठाला येतो: मोठ्या दगडाच्या मागे, मुळांच्या आडोशाला, कधी गुडघाभर पाण्यात. आपण धाडकन पाण्यात उतरलो तर नेमका त्यालाच पळवून लावतो. काठावरून, वाकून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकायचं. माशीही तरंगणारी नको. टंगस्टनचा मणी लावलेला निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल, तळाजवळून घरंगळत जायला हवा. अकराच्या सुमारास मेफ्लाय, म्हणजे पाण्यातून निघणाऱ्या नाजूक माश्या, उडायला लागल्या तेव्हा थोडा वेळ तरंगती माशी लावली, तेवढीच चैन.

मला मिळालेला ब्राउन ट्राउट वीतभराहून थोडा मोठा होता, अंगावर लाल ठिपके, भोवती फिकट कडी. हात ओले करून धरला, गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबलेला असल्याने पटकन सुटला. प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवला आणि दम येताच सोडला. मित्र बघतच राहिला. “काऊन बे, सोडून द्यासाठीच इतक्या दूर आलो का आपण?” संध्याकाळी त्याने फार्मवरचा रेनबो ट्राउट तळून घेतला आणि सावजी मसाला बरोबर आणायला हवा होता, असं दोनदा म्हणाला.

ब्राउन ट्राउट हा मासा इथला नव्हेच. इंग्रजांनी तो आधी काश्मिरात आणला आणि १९०९ साली तिथली अंडी कुलूत आली. इथला मूळचा मासा स्नो ट्राउट. त्याच्या जागेत हा पाहुणा घुसला, तरी जाहिराती सगळ्या पाहुण्याच्याच. मला हे खटकतं, तरीही मी तोच पकडायला जातो.

जायचं असेल तर मत्स्य विभागाचं परमिट आधी काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा काळ, मासेमारी बंद. मेमध्ये हाती कमी लागतं, जूनच्या मध्यावर बर्फ ओसरून पाणी निवळतं, पण लगेच पावसाळा येतो. खरा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मित्राने परतीच्या गाडीतच ऑक्टोबरची तिकिटं बघायला घेतली. दिवाळीच्या तोंडावर घरी काय सांगायचं ते त्याचं तो बघेल.