आमची वाटचाल : तक्त्यावरचा बांगडा आणि मोफत सॉफ्टवेअर

रत्नागिरीत आम्ही प्राथमिक शाळांसाठी तक्ते, चित्रकार्डं आणि सरावपानं तयार करतो. बांगडा-सुरमई-पापलेट, मोहोर ते हापूस, कांदळवन, जलदुर्ग असे विषय. आज सगळं काम मोफत सॉफ्टवेअरवर चालतं, पण एकावर नाही, चार सॉफ्टवेअरवर. अख्खा तक्ता एकातच करायचा हट्ट धरला की पहिला बळी अक्षरांचा जातो.

सुरुवात गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरने केली. फोटोसाठी आजही तेच. ए-थ्री तक्त्याला 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेल लागतात; फाइल पहिल्यापासून त्याच मापाची घ्यावी, लहान चित्र ताणून मोठं केलं की ते फाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेलं चित्र बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास उरतं, म्हणजे छपाईत जेमतेम सव्वापाच इंच. म्हणून शिक्षकांकडून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवतो.

सगळ्यांत अवघड मासा. बांगड्याचं पोट चंदेरी. पांढऱ्या कागदावर ठेवला तर पोट आणि कागद एक होतात आणि फझी सिलेक्ट (सारख्या रंगाचा भाग आपोआप निवडणारं साधन) माशाच्या आत घुसतं. गडद निळं रेक्झिन, पुसून कोरडा केलेला मासा, खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. मग फोरग्राउंड सिलेक्टने ढोबळ कड काढायची, शिफ्ट-क्यूने क्विक मास्क (निवडलेला भाग ब्रशने सुधारायची सोय) घ्यायचा आणि पर, शेपटी ब्रशने सुधारायची. शेपटीआधी पाठीवर पाच आणि पोटाखाली पाच बारीक सुटे पर असतात. घाईत नेमके तेच कापले जातात, आणि मुलांना बांगडा ओळखायला शिकवायचा तर ते दिसायलाच हवेत. खोडरबर वापरू नये. लेयर मास्क (नको तो भाग न पुसता झाकणारा थर) लावला तर कापलेला पर परत आणता येतो.

कांदळवनाची श्वसनमुळं, किल्ल्याचा नकाशा अशी रेखाटनं इंकस्केपमध्ये करतो. एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेलं चित्र) असल्यामुळे तेच चित्र कार्डावर आणि भिंतीवर सारखंच रेखीव उमटतं. हाताने रंगवायचं असेल तर क्रिटा.

अक्षरं मात्र स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गिंपमधून जेपीजी काढली की अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके येतात. पहिलीच्या मुलासमोर असं अक्षर ठेवायचं नाही, हे आम्ही पक्कं ठरवलं आहे. स्क्रायबसची 1.4 आवृत्ती देवनागरीला निरुपयोगी होती. पहिली वेलांटी अक्षरानंतर पडायची, जोडाक्षरं सुटायची. 1.6 मध्ये दोन्ही नीट येतात. फॉन्ट टिरो देवनागरी मराठी, कारण त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मुळातच आहे. हिंदी वळणाचा फॉन्ट घेतला तर मूल पुस्तकात एक ल बघतं आणि तक्त्यावर दुसरा.

छपाईतही स्क्रायबसचाच फायदा. आरजीबीतलं (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतलं) काळं चार शाईंत फुटतं आणि छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. स्क्रायबसच्या पीडीएफमध्ये मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवता येतो. कडेला 3 मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारा जादा भाग) सोडावं.

सरावपानांची शाळेत झेरॉक्स निघते. त्यामुळे गिंपमध्ये एकदा डीसॅच्युरेट करून (रंग काढून) बघतो. हिरवी कैरी आणि तांबूस आंबा एकाच करड्या छटेत गेले, तर एकाला रेघा मारतो.

पावसाळ्यात वीज जाते आणि गिंप आपोआप सेव्ह करत नाही. दर टप्प्याला कंट्रोल-एस, तेही एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फाइलप्रकारात. इंटरनेटवरचं चित्र घेताना परवाना वाचतो. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असेल तर आम्हाला ते चालत नाही, कारण आम्ही तक्ते विकतो.

तक्त्यासोबत शाळेला मूळ फाइलही देतो. स्क्रायबसमधलं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ चित्रं एका फोल्डरमध्ये गोळा करतं. फॉन्टच्या चौकटीत मात्र आठवणीने टिक करावी लागते. मालवणकडच्या बाईंना मग ‘पापलेट’ पुसून तिथे ‘सरंगा’ लिहिता येतं.